लाल ठिपक्याची बाजू

घट बसल्याच्या चौथ्या दिवशी दादासो आबा पाटणला कृष्णातच्या दुकानात आले आणि फडक्यात बांधलेली एक डबी त्यांनी टेबलावर ठेवली. काडेपेटीपेक्षा थोडी मोठी, राखाडी रंगाची. तिच्यातून निघालेली बारीक वायर, आणि वायरीच्या टोकाला कानात घालायचं बोंड. कानाचं यंत्र. आबांचा मुलगा जोतिबा फौजेत होता. तीन वर्षांपूर्वी रजेवर येताना त्यानं ते आणलं होतं. आबांनी उभं तारुण्य घाटरस्त्यांच्या कामांवर सुरुंग लावण्यात घालवलं होतं. डोंगर फुटले, रस्ते झाले, आणि त्या दगडांबरोबर आपले कानही खाली दरीत गेले, असं ते स्वतःच हसून सांगायचे.

“पडलं,” आबा म्हणाले. ऐकू न येणाऱ्या माणसाचा असतो तसा त्यांचा आवाज चढा होता. “वढ्यातल्या दगडावर आपाटलं. तवापास्नं मुकं झालंय बग.”

कृष्णातनं डबी उघडली. नऊ वर्षं सैन्यात सिग्नल्समध्ये काढून तो दोन वर्षांमागं गावी परतला होता आणि एस. टी. स्टँडसमोर त्यानं रेडिओ दुरुस्तीचं दुकान घातलं होतं. पुढं दुकान, मध्ये पडदा, मागं तो आणि त्याची आई अंबूबाई. रेडिओ त्यानं शेकड्यानं उघडले होते. कानाचं यंत्र मात्र दुसरंच. आत तीन ट्रान्झिस्टर होते, ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढे, काळ्या रंगाचे. माइकजवळचा पहिला हलवताच कलंडला. त्याचा एक पाय मुळातून तुटला होता.

“आबा, ट्रान्झिस्टर गेलाय!” कृष्णात ओरडला. आबांशी बोलायचं म्हणजे ओरडायचं, हे बाजारपेठेतल्या पोरासोरांनाही माहीत होतं.

“कुनाचा?”

“तुमचा! तुमचा ट्रान्झिस्टर गेलाय!”

“माझ्याकडं न्हाईच ट्रान्झिस्टर. जोतिबा आनतो म्हनला हुता, पर आनला न्हाई. न्हाई ती वस्तू जाईल कशी?”

गावाकडं ट्रान्झिस्टर म्हणजे आख्खा रेडिओ. शेजारच्या चहाच्या गाड्यावरचा धुळा पोट धरून हसला. “आवं आबा, कानात रेडिओ घालून हिंडताय आन आमाला एक गानं ऐकवलं न्हाई व्हय!”

आबांना शब्द कळले नाहीत, पण हसणं दिसलं. तेही हसले. मग हसू मावळलं आणि ते काउंटरवर पुढं वाकले.

“लवकर व्हाय पायजे, कृष्णात. जाईला कराडच्या डाक्टरनं घरी न्या म्हनून सांगितलं.”

जाईबाई म्हणजे त्यांची बायको. कृष्णातनं हातानंच विचारलं, काय झालं.

“नरड्यात गाठ. आवाज पार सुतावानी बारीक झालाय. आमची अंजना आलीया सेवंला, ती तोंडाजवळ कान नेती आन मला खुणंनं सांगती, पानी मागती, कूस बदला म्हनती. पर समदं काय लेकीनंच ऐकायचं आसतं? जाईला मला कायतरी सांगायचं हाय. अंजनाला बाहीर घालवती, माझा हात धरती आन व्हट हालवती. आन मी हा आसा.” त्यांनी आपल्या कानावर चापट मारली. “त्येवढं ऐकू दे मला. मग ही डबी तूच ठिव.”

“दसऱ्याला या!” कृष्णात ओरडला आणि दहा बोटं दाखवून सोनं वाटल्याची खूण केली. आबांनी मान हलवली आणि करंजवाडीची चढण धरली. नऊ मैल. नदीपलीकडं एस. टी. जात नव्हती.

त्या ट्रान्झिस्टरवरचा नंबर परदेशी होता. कृष्णातकडं सैन्यातून आणलेली, पानं सुटलेली एक वही होती. कोणत्या नंबराला कोणता बदली चालतो याचे तक्ते त्यानं तिच्यात हातानं उतरून घेतले होते. त्यात हा नंबर नव्हता. मग तो नंबर सोडून गुणांकडं वळला. माइकजवळचा पहिला, म्हणजे स्वतःची खरखर कमी असलेला हवा. एका सेलवर चालणारा हवा. बाजारात नवे आलेले सिलिकॉनचे एका सेलवर धड जागेच होत नाहीत, म्हणून जुन्या जर्मेनियमचा हवा. आणि त्या डबीत मावणारा हवा. पहिल्या दोन अटींत बसणारे त्याच्या डब्यात चार निघाले, पण ते हरभऱ्याएवढे होते. एक त्यानं लांब तारांनी बाहेरून जोडून पाहिला. तारांनी हवेतली एवढी गुणगुण गोळा केली की बोंडातून गांधीलमाशी ओरडावी तसा आवाज आला.

कराडला मिळाला नाही. अष्टमीला पहाटेच्या गाडीनं तो सांगलीला निघाला. आईनं पिशवी हातात दिली.

“सांगलीला चाललायस तर कुंकू आन. हितलं कुंकू न्हवं, नुसती रंगवलेली माती हाय. उद्या खंडेनवमी, हत्यारं पुजायची हायत.”

बाळासोचं दुकान हळदीच्या वखारींना लागून होतं. सैन्यातला जुना सोबती, पण कृष्णातच्या आधी सुटलेला. बाहेर हमाल पोती उतरवत होते आणि हवेत पिवळी धूळ होती. दुकानातल्या रेडिओंवर, बाळासोच्या भुवयांवर, भिंतीवरच्या गणपतीवर तिचा पातळ थर होता.

“असला जीव कुठला आता मिळायला?” बाळासोनं भिंग डोळ्याला लावून तुटका ट्रान्झिस्टर पाहिला. “मुंबईला लिही. महिना लागंल.”

“महिना न्हाई त्या बाईकडं.”

“कुठल्या बाईकडं?”

कृष्णातनं सांगितलं. बाळासो स्टूल घेऊन माळ्यावर चढला आणि बिस्किटांचा एक गंजका डबा खाली घेऊन आला. त्यात निकामी यंत्रांचे अवशेष होते. तळाशी कानाचं एक यंत्र निघालं, निळ्या रंगाचं, फुटकं.

“एका मास्तराचं. दुरुस्तीला टाकून गेले ते परत आलेच न्हाईत. मास्तर गेले, कान हितं ऱ्हायले.” त्यानं आतला पहिला ट्रान्झिस्टर सोडवला, पायांना मीटर लावून पाहिला. “जिता हाय. नंबर येगळा हाय, पर जात तीच. बसंल.”

“बसंल.”

“एक ध्यानात ठिव, लाल ठिपका पार पुसट झालाय. दिसतोय का तुला?”

बाळासोच्या बल्बच्या उजेडात कृष्णातला एका कडेला तपकिरी डागासारखं काहीतरी दिसलं. तीन पाय एका ओळीत. मधला बेस. कडेचे दोन दिसायला अगदी सारखे, मीटरलाही जवळजवळ सारखे. त्यातला ज्याच्या बाजूला लाल ठिपका, तो कलेक्टर; दुसरा एमिटर. सिग्नल्समध्ये पहिल्याच आठवड्यात हे पाठ करून घेतलं होतं.

“मला काय शिकवतोस रं! आपुन एकाच उस्तादाच्या शिव्या खाल्ल्यात.”

“म्हनून तर सांगतोय. तू लय येळा खाल्ल्यास.”

परतताना पिशवीत कुंकवाचा पुडा होता आणि शर्टाच्या खिशात, कापसात गुंडाळलेला, ट्रान्झिस्टर. कराडला गाडी बदलताना त्यानं दोनदा खिसा चाचपला.

दुसऱ्या दिवशी नवमी. त्या दिवशी हत्याराला काम सांगायचं नाही, ही अंबूबाईची शिस्त. तिनं सारवलेल्या जमिनीवर पाट मांडून सोल्डरिंग आयर्न, मीटर, पक्कड, पेचकस, चिमटा ओळीनं ठेवले. कृष्णात पडद्याआड दाढी करत होता.

“आन ह्या बारक्याला?” तिनं बाहेरून विचारलं. “कापसातल्या ह्या तीन पायाच्या किड्याला लावू का?”

“लाव की, समद्यास्नी लाव,” तो आरशातून नजर न काढता म्हणाला. गळ्यावरून वस्तरा फिरत होता.

अंबूबाईनं तेलात कालवलेलं कुंकू वाटीत घेतलं होतं. अनामिका त्या किड्याहून मोठी. एवढ्याशा जिवाला बोट कसं लावायचं? तिनं उदबत्तीची काडी घेतली, तिचं टोक कुंकवात बुडवलं आणि नेमका, गोल ठिपका ठेवला. मग हात जोडले. पोरगा रोज ज्यांच्याशी झटतो ती ही सगळी दैवतंच होती, आणि त्यातला सगळ्यात लहान सगळ्यात लांबून आला होता.

दसऱ्याला सकाळी पूजा उतरवून कृष्णात दारातल्या उन्हात कामाला बसला. भिंगाखाली ट्रान्झिस्टर धरला. सांगलीत बल्बखाली पुसट वाटलेला ठिपका उन्हात चांगला ठसठशीत दिसला. बाळासोचं दुकानच अंधारं, असं म्हणून त्याला बरंच वाटलं. पाय कापून बेताचे केले, आतल्या जिवाला उष्णता लागू नये म्हणून प्रत्येक पाय चिमट्यात धरून सोल्डर केला. काम देखणं झालं. डबी बंद होताना कुठं अडलीही नाही.

आबा दहाच्या सुमारास आले, डोक्याला धुतलेला पटका. त्यांनी बोंड कानात घातलं, डबी बंडीच्या खिशात ठेवली. कृष्णातनं बटण चालू केलं आणि हातभर अंतरावरून, सवयीनं, ओरडला.

“आबा! येतंय का ऐकू?”

आबा दचकले. मग त्यांच्या चेहऱ्यावर ऊन पडावं तसं झालं.

“येतंय की! वरडू नगंस, मी काय भैरा हाय व्हय?”

धुळा हसला, पडद्याआडून अंबूबाई हसली. आबांनी खिशातून आपट्याची पानं काढून कृष्णातच्या हातात दिली आणि चहालाही न थांबता निघाले. चढणीला लागेपर्यंत त्यांचा पांढरा पटका दुकानातून दिसत होता.

कोजागिरी झाली. तिसऱ्या दिवशी करंजवाडीच्या दूधवाल्याकडून कळलं की जाईबाई गेली. आसामातून जोतिबाला यायला मिळालं नाही. कृष्णातनं हातातलं काम खाली ठेवलं. वाईट वाटलं, पण आतून कुठंतरी समाधानही वाटलं, की निदान आबांना तिचं बोलणं ऐकता आलं. पुढं कित्येक दिवस त्याला त्या समाधानाची आठवण झाली की अंगावर काटा यायचा.

तेरावं उरकून आबा आले. ऐन दिवाळी होती, स्टँडवर गर्दी होती. आबांनी तीच डबी, त्याच फडक्यात बांधलेली, टेबलावर ठेवली. कान मोकळे होते.

“ठिव तुझ्याकडं. कुना गरिबाला लागंल.”

“बसा आबा!” कृष्णात ओरडला. आत चहाला सांगितलं.

आबा बाकावर टेकले. काही विचारायची गरज पडली नाही; ज्याला ऐकू येत नसतं तो माणूस बोलत राहतो.

“यंत्र झ्याक केलंस तू. तुझा दोष न्हाई. हितं तू बोललास, खणखणीत ऐकू आलं. अंजना वरडली की यायचं. पर जाईचा आवाजच ऱ्हायला न्हवता. शेवटच्या दोन रोजांत तिनं मला तीनदा सांगितलं. पयल्यांदा मी म्हनलो, मोठ्यानं बोल. तिनं हसून मान हालवली. परत बोलली. मी म्हनलो, व्हय. काय म्हनावं मान्सानं? तिला कळलं आसंल, ह्येला कायबी समाजलं न्हाई. मग तिनं काय केलं सांगू? माझ्या छातीवरच्या डबीवर व्हट ठेवलं. डबीला कान आसतुया, ह्ये जोतिबानं सांगितलेलं तिच्या ध्यानात हुतं. आन बोलली. मला नुसता वारा आला. फू, फू. मी परत म्हनलो, व्हय गं, व्हय. तवा तिनं डोळं मिटलं.”

हाताला काहीतरी हवं म्हणून कृष्णातनं डबी उघडली. सेल काढून ठेवावा, नाहीतर पाझरतो. सेलच्या पिनांवर ओलीचा हिरवट थर आला होता. त्यानं कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवला आणि पुसायला सुरुवात केली. पुसता पुसता बोळा पहिल्या ट्रान्झिस्टरवरून गेला.

कापूस पिवळा झाला.

तो थांबला. ठिपका रंगाचा असता तर तसाच राहिला असता, किंवा कापूस लाल झाला असता. हा हळदीचा पिवळा होता. सांगलीची धूळ म्हणावी, तर लाल ठिपका जागेवर नव्हता. जिथं तो होता तिथं आता नुसतं काळं, चकचकीत अंग होतं. त्यानं भिंग घेतलं. ट्रान्झिस्टरच्या दुसऱ्या कडेला, जिकडं त्यानं पाहिलंच नव्हतं, एक पुसट तपकिरी डाग होता. बाळासोनं दाखवलेला.

हळदीला चुना लागला की लाल, स्पिरिट लागलं की पुन्हा पिवळी. कुंकू. आन ह्या बारक्याला लावू का? लाव की, समद्यास्नी लाव.

उलटा बसवला होता. कलेक्टरच्या जागी एमिटर, एमिटरच्या जागी कलेक्टर. जळला असता तर बरं झालं असतं. यंत्र मुकं राहिलं असतं आणि त्याच दिवशी कळलं असतं. पण जुन्या जातीचा हा ट्रान्झिस्टर उलटाही चालतो, नुसता दुबळा चालतो. पन्नास पट मोठा करायचा तो आवाज पाच पट करतो. ओरडलेलं ऐकवतो. आणि तपासताना तो स्वतः ओरडला होता, हातभर अंतरावरून. हळू बोलणाऱ्या माणसासाठी केलेलं यंत्र त्यानं ओरडून तपासलं होतं.

आबा चहाची वाट पाहत रस्त्याकडं बघत बसले होते. त्यांना काही दिसलं नव्हतं. ते डबी देऊन टाकायला आले होते; ती पुन्हा मागणार नव्हते. झाकण लावलं असतं आणि डबी माळ्यावर गेली असती, तर हे जगात दुसऱ्या कुणाला कधीच कळलं नसतं. आणि जाईबाईचा आवाजच राहिला नव्हता, हे आबांनी आता मनाशी धरून ठेवलं होतं. ते तरी त्यांच्याजवळ राहिलं असतं. कृष्णातनं झाकण हातात घेतलंही.

मग त्यानं ते खाली ठेवलं आणि आयर्न तापवायला लावलं.

पाय सोडवून फिरवून बसवायला पाच मिनिटं लागली. त्यानं सेल घातला, आबांच्या जवळ जाऊन बोंड त्यांच्या कानात दिलं, डबी त्यांच्या खिशात सरकवली आणि बटण चालू केलं. काही बोलला नाही.

आबांनी मान वळवली. पडद्याकडं पाहिलं.

“ह्ये काय वाजतंय?”

कृष्णात टेबलापलीकडं जाऊन उभा राहिला आणि घरात बोलतात तसा, हळू बोलला. “आईच्या बांगड्या. कप धुतीया.”

“आन ह्ये?”

“चहा उकळतोय.”

आबांचा हात खिशातल्या डबीवर गेला आणि तिथंच राहिला. सुरुंग लावणाऱ्या माणसाला हिशेब करायची सवय असते, वात किती लांब, पळायला वेळ किती. त्यांचा हिशेब चाललेला कृष्णातला दिसत होता.

“तवा आसं यीत न्हवतं,” शेवटी ते म्हणाले.

“न्हाई. आबा, मी उलटा बसवला हुता. त्यो बदली आनलेला. माझी चूक झाली. तुमी नेलं तवा ह्ये यंत्र धड चालतच न्हवतं.”

पडदा बाजूला झाला. अंबूबाई दोन कप घेऊन आली, दोघांचे चेहरे पाहून कप ठेवून तशीच उभी राहिली.

स्टँडवर कंडक्टरनं घंटी मारली तेव्हा आबांचा खांदा हलला.

“म्हंजी ती बोलत हुती.”

“व्हय.”

“मला वाटलं, नुसतीच व्हट हालवती. वाचा गेली म्हनलो. समद्यास्नी सांगितलं म्या, तिची वाचा गेली हुती.” त्यांचा आवाज प्रथमच खाली आला होता; आता तो त्यांना स्वतःला ऐकू येत होता. “तिची न्हवती गेली.”

कृष्णातनं मान खाली घातली. शिव्या आल्या असत्या तर त्यानं घेतल्या असत्या. शिव्या आल्या नाहीत.

“मी दोनदा व्हय म्हनलो, कृष्णात. मरत्या मान्साला. काय कबूल केलं म्या?”

आबांनी चहा प्यायला, पटका सारखा केला आणि उठले. डबी त्यांनी ठेवली नाही. खिशात तशीच घेऊन गेले.

संध्याकाळी दुकान झाडताना अंबूबाईला टेबलाखाली कापसाचा बोळा सापडला. तिनं तो उचलला, बोटांत चुरला, नाकाशी नेला.

“पिवळा कशानं झाला रं ह्यो?”

“सांगलीची हळद. बाळासोच्या दुकानात समद्यावर बसती,” कृष्णात म्हणाला.

तिनं बोटं पदराच्या टोकाला पुसली आणि बोळा चुलीत टाकला.

त्यानंतर आबा दर बाजाराला यायला लागले. सेल बघ म्हणायचे, पण सेल चांगलाच असायचा. बाकावर बसून ते सांगायचे.

“गाभन गाय अंजनाला दिली. जाई लय दिवस म्हनत हुती, पोरीच्या दारात दुभतं न्हाई म्हनून. आसंल, त्येच आसंल.”

पुढच्या खेपेला: “धाकट्या भावाकडं जिवून आलो. बांधावरनं अकरा वर्सं बोलनं न्हवतं. ती म्हनायची, तुमीच जावा आधी. त्येबी आसंल.”

मग तंबाखू सोडली. मग घराला चुना दिला. मग जाईच्या माहेरच्या देवीला जाऊन नारळ फोडला, कारण पंचवीस वर्षांपूर्वी पोराच्या आजारपणात तिनं काहीतरी नवस बोललेला असावा, असं त्यांना एका पहाटे वाटलं. धुळा म्हणाला, “आबा, बायकू जिती हुती तवा यवढं ऐकलं आसतंसा तर ती आजून धा वर्सं जगली आसती.” म्हणाला आणि जीभ चावली. आबांना ते अर्थातच ऐकू गेलं. “खरं हाय तुझं,” ते म्हणाले. “पर तवा कान न्हवतं.”

कृष्णात प्रत्येक वेळी ऐकायचा. तो नेहमीच्या आवाजात बोलायचा. आणि गिऱ्हाईक कितीही बहिरं असो, यंत्र तपासताना दुकानाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुटपुटायचा. नवा ट्रान्झिस्टर बसवायच्या आधी स्पिरिटनं पुसायचा. पण यातलं काहीही मागं जाऊन लागू होत नव्हतं.

पुन्हा नवरात्र आलं. नवमीला अंबूबाईनं पाट मांडला. आयर्नला, मीटरला, पकडीला तिनं कुंकू लावलं. ट्रान्झिस्टरच्या कप्प्यांचा डबा उघडा होता. तिचा हात त्याच्यापर्यंत गेला आणि थांबला. तिनं डब्याचं झाकण लावून घेतलं आणि झाकणाच्या बाहेरून, मधोमध, बोट टेकवलं. कृष्णात समोर उभा होता. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही, आणि त्याला समजलं की त्या संध्याकाळी पिवळ्या बोळ्यावरूनच तिला सगळं कळलं होतं. वर्षभर दोघांनी ते एकमेकांपासून लपवलं होतं.

त्याच वेळी आबा आले. नवमीला काम नाही, हे माहीत असूनही आले आणि बाकावर बसले. वर्षात ते वाळले होते.

“आता काय सुचंना बग, कृष्णात. समदं करून झालं. तिनं जल्मात जे जे मागितलं, जे मागितलं न्हाई, समदं. पर ह्यातलं कंचं, त्ये कसं कळावं? दुसरंच कायतरी आसंल तर? मी व्हय म्हनलोय.”

पाटासमोर बसलेली अंबूबाई हातातल्या वाटीकडं पाहत होती. ती बोलली ती स्वतःशी बोलावं तशी, जेमतेम ऐकू येईल इतकी.

“बाईमानूस मरताना मोठं कायबी मागत न्हाई, आबा. म्हनली आसंल, येळंवर जेवत जावा. माझ्यामागं उपाशी नगा निजू.”

आबांनी तिच्याकडं मान वळवली. मधे चार हातांचं अंतर होतं, रस्त्यावरून बैलगाडी चालली होती, आणि तरी त्यातला शब्द न् शब्द त्यांना पोचला होता. त्यांचा हात बंडीच्या खिशावर गेला. डबीवर तळवा ठेवून ते तसेच बसून राहिले. गाडीचा खडखडाट दूर जाईपर्यंत.

“त्येवढं ऱ्हायलंच की करायचं,” ते म्हणाले.

अंबूबाईनं वाटी खाली ठेवली आणि ताट करायला आत गेली.